शेजारच्या खिळ्यावरची किल्ली

बाबांना जाऊन एक्क्याऐंशी दिवस झाले होते आणि तेवढ्या दिवसांत त्यांचा हा तिसरा वाढदिवस.

बाबांचं सिम आता आईच्या फोनमध्ये होतं. सकाळी चहाच्या वेळी तो फोन टुणकन वाजला. आईने चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि मोठ्याने वाचलं, "आदरणीय ग्राहक, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. आजच्या शुभदिनी पादत्राणांवर वीस टक्के सूट."

"म्हणजे ही चपलांच्या दुकानात सांगितलेली तारीख," लेक म्हणाली.

"मागच्या महिन्यात चष्म्याच्या दुकानातला झाला. त्याआधी पंख्याच्या कंपनीचा." आईने फोन पालथा ठेवला. "आणि खऱ्या वाढदिवसाला कोणी विचारलं नाही. विचारणार कसं? कोणाला ठाऊक असेल तर ना!"

बाबांचा धंदा कुलपांचा. बाजारातल्या दुकानांच्या रांगेत त्यांचं आठ फूट रुंदीचं दुकान होतं. कुलपं दुरुस्त करायची, हरवलेल्या किल्ल्या घडवायच्या, अडकलेल्या तिजोऱ्या उघडून द्यायच्या. चाळीस वर्षं लोकांची दारं उघडून त्यांची एकच खात्री झाली होती, की चोर कुलूप तोडत नाही, किल्ली मिळवतो. आणि जन्मतारीख, आईचं माहेर, पहिली शाळा या सगळ्या त्यांच्या मते किल्ल्याच होत्या. "चप्पलवाल्याला माझी जन्मतारीख कशाला हवी? पायाचं माप घे आणि गप बस," असं ते म्हणत आणि मग शांतपणे खोटी तारीख सांगत. घरोघरी माहिती घेत फिरणाऱ्या एका माणसाला त्यांनी आपल्याला तीन मुली असल्याचं सांगितलं होतं. लेक एकुलती एक. पुढे दोन वर्षं मधल्या मुलीच्या नावाने शिकवणीच्या जाहिराती घरी येत राहिल्या, आणि एकदा आई त्या वाचता वाचता म्हणाली होती, "हिचं गणित कच्चं आहे वाटतं."

फोटोचंही तेच. घरातल्या प्रत्येक समारंभाच्या फोटोत बाबा आहेत, पण चेहऱ्यासमोर हात धरलेले. व्हिडिओ काढणारा दिसला की ते उठून पाणी प्यायला जायचे. त्यामुळे ते गेल्यावर घरात त्यांचे कपडे राहिले, चौदा कानशी राहिल्या, दोन कपाटभर कुलपं राहिली. आवाज मात्र कुठेच राहिला नाही. फोन होता, तो त्या दुपारी दुकानात त्यांच्याबरोबरच फरशीवर पडला आणि कामातून गेला.

आणि त्याच सकाळी, चपलांच्या शुभेच्छांमागोमाग, लेकीला ती ईमेल आली. बाबांनी कुठल्याशा कंपनीकडे एक खातं उघडलं होतं. त्यात त्रेसष्ट ध्वनिमुद्रणं होती. नव्वद दिवस कोणी आत आलं नाही तर सगळं कायमचं पुसून टाकावं, अशी सूचना बाबांनीच देऊन ठेवली होती. पुसण्याआधी कोणाला कळवावं या रकान्यात त्यांनी लेकीचा पत्ता लिहिला होता. उघडायची परवानगी कोणाला द्यावी या रकान्यात लिहिलं होतं, 'कोणालाही नाही'.

नऊ दिवस उरले होते.

"त्रेसष्ट?" आईने विचारलं. "दुपारी शटर ओढून घ्यायचे ना हल्ली. मी एकदा डबा द्यायला गेले होते. आतून बोलण्याचा आवाज येत होता. हळू, अगदी लाडीगोडीने. घरात तर मीठ मागितलं तरी आख्ख्या मजल्याला ऐकू जायचं."

"मग तू विचारलं नाहीस?"

"काय विचारू? डबा दाराशी ठेवला आणि आले." आई उठून कप विसळायला गेली. "तुला ऐकायचं तर ऐक बाई. मला काही नको."

पण कप विसळून झाल्यावरही ती नळ बंद करायला विसरली होती.

लेक एका मोठ्या इस्पितळाच्या नोंदणी विभागात होती. लोकांच्या आजारांचे कागद सांभाळायचे आणि ते कोणालाही दाखवायचे नाहीत, हे तिचं काम. रोज खिडकीशी कोणीतरी येई. कोणाला सासूचा रिपोर्ट फक्त डोळ्यांखालून घालायचा असे, कोणाला होणाऱ्या जावयाची साखर पाहायची असे. त्या सगळ्यांसाठी तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, आणि कंपनीच्या मदत केंद्रातल्या मुलीने तेच, जसंच्या तसं, तिला ऐकवलं.

"तुमची अडचण मी समजू शकते, मॅडम. पण नियमाप्रमाणे मला ते सांगता येणार नाही."

लेकीने सवयीने मान डोलावली. मग आपण खिडकीच्या दुसऱ्या बाजूला आहोत हे तिच्या लक्षात आलं.

"अहो, मृत्यूचा दाखला पाठवते मी."

"पाठवा ना. त्याची तपासणी व्हायला साठ दिवस लागतात."

"नऊ दिवसांत खातं पुसलं जाणार आहे."

"हो मॅडम. खूप वाईट वाटलं. तुम्ही सुरक्षेच्या प्रश्नांची उत्तरं देऊ शकता. तीन संधी असतात. उत्तरं बरोबर आली की नोंदवलेल्या नंबरवर गेलेला कोड टाकायचा. तुमची ओळख पटवायला मी आत्ताच एक पाठवलाय."

लेकीने आईचा फोन पाहिला. काही आलं नव्हतं.

"कुठल्या नंबरवर?"

"तो सांगता येणार नाही. शेवटचे दोन आकडे चार आणि सात."

बाबांच्या नंबराच्या शेवटी शून्य होतं. आईच्या नंबराच्या शेवटी आठ. लेकीने नातेवाइकांची आख्खी यादी धुंडाळली. सत्तेचाळीसने संपणारा एक आतेभाऊ निघाला, पण बाबांनी त्याला कधी साधं कुलूपसुद्धा उधार दिलं नव्हतं.

तरी पहिल्या संध्याकाळी तिने खरी उत्तरं टाकून पाहिली. चार प्रश्न होते. तुमची पहिली नोकरी? बाबा शाळा सुटल्यापासून आजोबांच्याच दुकानात बसले. तिने 'कुलपांचं दुकान' लिहिलं. लहानपणी पाळलेला प्राणी? बाबांना मांजरसुद्धा चालत नसे. तिने 'नाही' लिहिलं. आईचं माहेरचं आडनाव? आजीचं आडनाव तिला पाठ होतं. जवळच्या मित्राचं टोपणनाव? इथे ती अडली, आणि आईला विचारून आईच्याच भावाचं लिहिलं.

उत्तरं चुकीची आहेत. दोन संधी शिल्लक.

"खरं लिहायला ते काय वेडे होते?" आई म्हणाली. 'मला काही नको' म्हणणारी आई एव्हाना खुर्ची ओढून शेजारी बसली होती. "खोटं लिहिलं असणार. त्यांची खोटी उत्तरं मला विचार. पस्तीस वर्षं ऐकलीयेत."

मग दोन दिवस दोघींनी वहीत बाबांच्या थापांची यादी केली. नोकरी विचारली की ते 'सर्कस' सांगायचे. प्राणी विचारला की 'मगर'. आडनावांचे तर चार प्रकार होते. गॅसवाल्याला एक, विमेवाल्याला दुसरं. यादी करता करता आई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. शेवटी आईने मतदान घेतल्यासारखा निकाल दिला: सर्कस, मगर, विमेवाल्याचं आडनाव, आणि मित्राच्या जागी 'कोणी नाही'.

उत्तरं चुकीची आहेत. एक संधी शिल्लक. पुन्हा चूक झाल्यास खातं तीस दिवस उघडता येणार नाही.

सातच दिवस उरले असताना तीस दिवसांची ती शिक्षा म्हणजे सगळंच संपलं. या सगळ्या दिवसांत लेकीने मदत केंद्राला रोज एकदोनदा फोन केला. दर वेळी ओळख पटवण्यासाठी त्या सत्तेचाळीसवर एक कोड जाई, आणि दर वेळी नवीन आवाज तिची अडचण समजू शके.

सातव्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती बाबांच्या दुकानात गेली. एखादी वही, एखादी चिठ्ठी मिळते का पाहायला. चिठ्ठी मिळणार नाही हेही तिला ठाऊक होतं. दोन तास तिने खण उपसले. कोऱ्या किल्ल्यांचे झुबके, तेलाची बाटली, मोडक्या स्प्रिंगा. भिंतीवर एका खिळ्याला एकच किल्ली टांगलेली होती, आणि ती बाबांच्या दुकानाची नव्हती. ती शेजारच्या घड्याळवाल्यांची.

त्या रांगेतली ही जुनी रीत होती. प्रत्येक दुकानाची दुसरी किल्ली शेजारच्या दुकानातल्या खिळ्याला. आपली दुसरी किल्ली आपल्याच घरात ठेवली, तर घर लुटणारा दुकानही लुटेल, असा हिशेब. बाबांची किल्ली घड्याळवाल्यांकडे, घड्याळवाल्यांची बाबांकडे. आणि गंमत अशी, की गेली सात वर्षं दोघांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं, तरी किल्ल्या जिथल्या तिथे होत्या.

भांडण झालं ते कॅमेऱ्यावरून. घड्याळवाल्यांनी दाराच्या वर एक कॅमेरा बसवला. त्याच्या डोळ्यात बाबांचा अर्धा गल्ला यायचा. बाबा तडक गेले. "माझ्याकडे माणूस तिजोरी उघडायला येतो. त्याचं तोंड तुझ्या डब्यात कशाला?" घड्याळवाले म्हणाले, "माझ्या भिंतीवर मी काय लावावं हे तू सांगणार?" बाबांनी पुढे वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र्याची हातभर लांब पिवळी किल्ली करून घेतली आणि दुकानाची खूण म्हणून ती बरोब्बर कॅमेऱ्याच्या तोंडासमोर टांगली. सात वर्षं त्या कॅमेऱ्याने एका किल्लीच्या पाठीचं चित्रण केलं होतं.

आणि तरी त्या दुपारी, भिंतीपलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला तेव्हा, खिळ्यावरची किल्ली काढून बाजूचं दार उघडणारे घड्याळवालेच होते. बाबांबरोबर इस्पितळात गेले तेही तेच. आईला त्यांनी फोनवर चारच शब्द सांगितले, "वहिनी, आहात तशा या." त्यानंतर भेटायला आले, तासभर बसले, आणि एक अक्षर न बोलता गेले.

लेकीने दुकान बंद केलं. शटरचं कुलूप लावून सरळ झाली, आणि तिची नजर शेजारच्या पाटीवर गेली. घड्याळ दुरुस्ती, भिंतीची व मनगटी. खाली रंग उडालेला फोन नंबर. शेवटचे दोन आकडे, चार आणि सात.

घड्याळवाले काका डोळ्याला भिंग लावून एका उघड्या घड्याळावर वाकले होते. त्यांच्या मागच्या भिंतीवर तीसएक घड्याळं होती, आणि त्यांच्या मधोमध, पुठ्ठ्यावर लाल अक्षरांत ताजी सूचना: सावधान! कोड विचारणाऱ्यांपासून दूर राहा.

"काका," लेक म्हणाली, "तुमच्या फोनवर आठवडाभर कोड येताहेत का?"

काकांनी भिंग काढलं नाही. उघडा डोळा तेवढा बारीक केला.

"तुला कोणी सांगितलं?"

"मीच पाठवतेय. म्हणजे माझ्यामुळे येताहेत. मला हवेत ते."

"असंच म्हणतात ते लोक."

"काका, मी रांगत होते तेव्हापासून ओळखता तुम्ही मला!"

"परवा एक भामटा मला फोनवर मामा म्हणत होता. त्याचा तर मी जन्मही पाहिला नाही." पण त्यांनी खणातून एक वही काढली. तीत तारीख, वेळ आणि कोड असे अकरा ओळींत मांडले होते. "पुरावा म्हणून लिहून ठेवलेत. चौकीत जाऊन आलो. हवालदार म्हणाला, आजोबा, कोणाला सांगू नका, बस्स. कोडाखालीही तेच लिहिलेलं असतं. तेव्हा तुला सांगणार नाही. राग मानू नकोस."

"ते बाबांचं खातं आहे, काका."

आता भिंग निघालं.

मग काकांनी वही मिटली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले. "आणि मी अकरा वेळा त्याला चोर म्हणालो," ते म्हणाले. "सात वर्षांनी गड्याने निरोप धाडले, आणि मी गेलो चौकीत."

लेकीने सगळं सांगितलं. खातं, चार प्रश्न, खरी उत्तरं, थापा, उरलेली एक संधी. काका ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरत होतं. ते हसू आहे हे कळायला तिला वेळ लागला. त्या चेहऱ्याला त्याची सवय मोडली होती.

"खरंही नाही आणि थापही नाही," ते म्हणाले. "ते माझं आहे."

"तुमचं म्हणजे?"

"आठ वर्षं झाली. आम्ही दोघांनी एकाच दिवशी खाती उघडली, याच गल्ल्यावर. ते प्रश्न आले तसा तुझा बाबा म्हणाला, खरं लिहिलं तर घरचा माणूस उघडेल, थाप लिहिली तर आपणच विसरू. मग म्हणाला, किल्ली कुठे ठेवतो आपण? शेजाऱ्याच्या खिळ्याला. मी तुझं आयुष्य लिहितो, तू माझं लिही. नंबरही तसेच, त्याच्या खात्याला माझा, माझ्याला त्याचा. लागलं तर भिंतीवर ठोकायचं आणि विचारायचं." काकांनी भिंतीकडे पाहिलं. "वर्षाच्या आत तो कॅमेरा आला."

"म्हणजे तुमच्या खात्याची उत्तरं...?"

"पुढे तो कॅमेरा त्याच खात्याला जोडला. पासवर्ड विसरलो, आणि उत्तरांत तुझ्या बाबाच्या पहिल्या मास्तरांचं नाव हवं होतं. तेही विसरलो. विचारायचं तर आधी बोलावं लागलं असतं. सहा वर्षांत काय टिपलंय, मी पाहिलेलं नाही."

"किल्लीची पाठ टिपलीय."

"ते आहेच."

शेवटची संधी आईशिवाय घ्यायची नाही, असा आईचा दम होता. लेकीने फोन केला आणि आई वीस मिनिटांत आली, केस विंचरून, चांगली साडी नेसून, जणू निकालच लागणार होता.

"या वहिनी."

"सात वर्षांनी पाऊल टाकतेय तुमच्या दुकानात, भावजी."

"खुर्ची तीच आहे. डावीकडे टेकू नका."

लेकीने फोन गल्ल्यावर ठेवला. काका खाकरले. परक्या माणसाला आपली माहिती देताना बाबांचा जसा चेहरा व्हायचा, तसाच त्यांचा झाला.

"पहिली नोकरी?"

"बर्फाचा कारखाना. चार महिने. बोटं बधीर व्हायची, घड्याळ कसलं शिकणार, म्हणून सोडली."

"पाळलेला प्राणी?"

काका पुटपुटले.

"काय?"

"बदक."

"बदक?" आई म्हणाली.

"होतं एक. शाळेपर्यंत मागे यायचं. त्यात हसण्यासारखं काय आहे?"

"मी कुठे हसतेय!" आईने पदर तोंडाशी नेला.

आईचं माहेरचं आडनाव त्यांनी एकदाच सांगितलं, अगदी हळू, आणि लेकीने ते लिहिलं तेव्हा त्या अक्षरांकडे ते पाहत राहिले. "कितीतरी वर्षांत उच्चारलं नव्हतं," ते म्हणाले. मग चौथा प्रश्न आला.

"जवळच्या मित्राचं टोपणनाव."

काकांनी भिंग उचललं, फडक्याने पुसलं, परत ठेवलं.

"काका, तुमचा जवळचा मित्र कोण?"

"कोण म्हणजे! तोच की." ते भिंतीला म्हणाले. "ससा म्हणायचो मी त्याला. शाळेत होतो तेव्हापासून. हे एवढाले कान. कुठेही कुलूप दिसलं की कान लावून ऐकत बसायचा."

"ससा!" आई म्हणाली. पस्तीस वर्षांच्या संसारात न कळलेली गोष्ट कोणीतरी सहज गल्ल्यावर ठेवावी, तसं तिचं तोंड झालं.

"पण तेच लिहिलं असेल ना?" लेकीने विचारलं.

"मी पाहिलं नाही. दुसरा आकडे लावत असला की मान फिरवायची, हे त्यानेच शिकवलेलं. आणि लिहिलं तेव्हा बोलत होतो आम्ही." काकांनी बाहेरच्या पिवळ्या किल्लीकडे हात केला. "नंतर बदललं असेल. कुलूप बदलायला त्याला कितीसा वेळ लागायचा? माझ्यावर रागावून त्याने आख्खी किल्ली टांगली बाहेर. एक शब्द बदलायला काय लागतं?"

लेकीचं बोट फोनवर थबकलं. चुकलं तर त्रेसष्ट वेळा बोललेले बाबा तीन दिवसांनी पुसले जाणार होते, आणि चुकलं तर समोरच्या माणसालाही काहीतरी कळणार होतं, जे कळलं नाही तर बरं.

"नंबर नाही ना बदलला," आई एकदम म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"अहो, सात वर्षं कोड तुमच्याकडेच येणार हे त्यांना ठाऊक होतं ना? ज्या माणसाने चप्पलवाल्याला तारीख दिली नाही, त्याने नंबर तुमचा ठेवला. टाक गं. ससा टाक."

लेकीने टाकलं. गोल चक्र फिरलं. काकांच्या खिशात फोन टुणकन वाजला.

उत्तरं बरोबर आहेत. नोंदवलेल्या नंबरवर आलेला कोड टाका.

काकांनी फोन काढला, हात लांब करून पाहिला आणि तोंड उघडलं. मग मिटलं. मागच्या भिंतीवरच्या लाल सूचनेकडे एकदा वळून पाहिलं.

"भावजी!" आई ओरडली.

"सांगतो, सांगतो. चार..."

खातं उघडलं. तारखांची लांबलचक रांग, दुपारचीच वेळ, दोन-तीन मिनिटांचा प्रत्येक तुकडा. लेकीने पहिला लावला. आईने खुर्चीचा हात घट्ट धरला, डावीकडचा.

खरखर. मग कट्. पुन्हा कट्. मग कोणीतरी श्वास रोखून धरल्यासारखी शांतता. मग बाबा, हळूच, "हं. बोल. बोल बाई, लाजू नकोस." कट्. "पुन्हा एकदा." कट्, कट्, आणि मग सगळे दात जुळून कुलूप उघडल्याचा तो भरलेला आवाज. "शाब्बास."

दुसरं तसंच. सातवं तसंच. विसावं. निरोप नव्हता, उपदेश नव्हता, कोणी दुसरंही नव्हतं. कुलपं होती.

"हे काय?" आई म्हणाली. "कुलपांचे आवाज कशाला भरून ठेवायचे?"

"मोठे करून ऐकायला," काका म्हणाले. "फोन कानाला लावून. नुसतं ऐकू येत नव्हतं त्याला. कुलपाचं काम कानाचं असतं, वहिनी."

घरात आख्ख्या मजल्याला ऐकू जाणारं मीठ आईला आठवत असावं. लेकीलाही तेच आठवलं. तो तापटपणा नव्हता तर.

"तुम्हाला कधी कळलं?" लेकीने विचारलं.

"माझी घड्याळं तासाला वाजली की भिंतीपलीकडून ओरडायचा. 'आवर रे ती घड्याळं!' बोलणं बंद झालं तरी ते चालू होतं. माझ्याशी नव्हे, घड्याळांशी. दोन वर्षांपूर्वी ते थांबलं. मला वाटलं, चला, राग गेला. महिन्याने कळलं, गेला तो राग नव्हे, कान."

"आम्हाला सांगायचं होतंत, काका."

"त्याने लपवलेलं मी कसं सांगणार?" काकांनी खांदे उडवले. "सगळ्यांत मोठं घड्याळ भिंतीला लावलं, त्याच्या बाजूला. एकदा ओरडला त्यावर. बरं वाटलं."

तिथे घड्याळांच्या टिकटिकीत बारीक आवाज नीट येईना. आईने फोन उचलला, किल्ली मागून घेतली आणि शेजारी गेली. बाजूचं दार उघडल्याचा आवाज आला, मग बाबांचं स्टूल ओढल्याचा. लेक उठली तर काकांनी हातानेच तिला थांबवलं.

तिच्या स्वतःच्या फोनवर कंपनीची ईमेल आली होती. खात्यात पुन्हा प्रवेश झाल्याबद्दल अभिनंदन. सुरक्षेसाठी माहिती एकदा तपासून घ्या. प्रश्न तेच. उत्तरं बदलायची आहेत का? तिने 'नाही' दाबलं. खाली शेवटचा प्रश्न होता: चार-सातने संपणारा नंबर अजूनही तुमचाच आहे का?

काकांनी मान भिंतीकडे फिरवली होती.

तिने 'हो' दाबलं.

तेवढ्यात एक वाजला. तीसएक घड्याळांनी तो आपापल्या सोयीने वाजवला, कोणी आधी, कोणी मागून, आणि सगळ्यांत शेवटी भिंतीला लावलेल्या मोठ्याने, दणकून. काका सवयीने क्षणभर कान देऊन थांबले.

"आवरा हो ती घड्याळं!" भिंतीपलीकडून आई ओरडली. "मला इथे काही ऐकू येत नाहीये!"

काकांनी भिंग डोळ्याला लावलं आणि उघड्या घड्याळावर खाली वाकले, नेहमीपेक्षा जरा जास्तच खाली. घड्याळ एकही आवरलं नाही.